फुलपाखरांसाठी आंबोलीला जाताय?

मुंबईहून स्वतःच्या गाडीने आंबोली म्हणजे जवळपास ५०० किलोमीटर, म्हणून आदल्या रात्रीच मुक्कामाला पोहोचा. फुलपाखरं ऊन अंगावर घेतल्याशिवाय उडत नाहीत. सकाळी नऊ ते अकरा ही खरी वेळ. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ब्लू टायगर आणि कॉमन क्रो ही फुलपाखरं पूर्वेकडच्या मैदानांतून घाटाकडे परततात.

रस्त्याकडेला खुळखुळ्याची झुडपं दिसली की गाडी बाजूला घ्या (वळणावर मात्र अजिबात नको). नर त्याच्या वाळक्या पानांना सोंड लावून रस शोषतात, कारण मादीला भुलवणारा गंध त्यातल्या द्रव्यांपासूनच बनतो. इतके गुंग असतात की हातभर अंतरावरून पंखांवरचे निळसर ठिपके मोजता येतात. फांदी हलवू नका, परफ्यूम टाळा. आणि घाटात गाडी सावकाश हाका, कितीतरी फुलपाखरं काचेवर आपटून मरतात.