आधी जमीन बघा, मग पाय टेका

उंची ५ फूट २ इंच आणि गाडी रॉयल एनफिल्डची उंच बाईक, हिमालयन. शोरूममध्ये पायाची फक्त बोटं टेकतात आणि पोटात गोळा येतो. येऊ दे. दोन्ही टाचा टेकायची गरजच नाही. थांबताना सीटवरून जरा डावीकडे सरका, डावं पाऊल पूर्ण टेका, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. जुन्या हिमालयनच्या ८०० मिमी उंच सीटवर हे जमलं की हीरोच्या एक्सपल्सची ८२५ पण जमते.

खरा घात रस्त्याच्या कडेला आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. आपल्या कोकणात तर पावसाळ्यानंतर डांबराची कड संपते तिथे साईडपट्टीची लाल माती वाहून गेलेली असते. समोरून एसटी येते, आपण कडेला घेतो, थांबतो, डावा पाय सोडतो आणि पायाखाली जमीनच नसते. गुहागरच्या वाटेवर माझी गाडी अशीच आडवी झाली. दोनशे किलोचं धूड कलंडायला लागलं की सहा फुटी माणसालाही आवरत नाही. म्हणून गाडी चालू असतानाच पाय कुठे पडणार ती जागा हेरा. कड खचलेली दिसली तर डांबरावरच थांबा, मागचा हॉर्न वाजवेना का! डावीकडे फारच उतार असेल तर पुढचा ब्रेक धरून उजवा पाय टेका. हँडल मात्र सरळ हवं. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी गेलीच. रिकाम्या मैदानात याचा सराव करा, आयत्या वेळी उजवा पाय आठवत नाही.

गॅरेजवाले म्हणतील, ‘ताई, लोअरिंग लिंक टाकून घ्या.’ म्हणजे मागचं सस्पेन्शन खाली बसवून गाडी बुटकी करणारा जोड. नका टाकू. इंजिनाखालचं अंतर कमी होतं, आणि साईड स्टँड लांब पडून गाडी जवळजवळ उभीच राहते, जरा धक्का लागला की पलीकडे पडते. आधी मागचा प्रीलोड, म्हणजे शॉकच्या स्प्रिंगचा ताण, सैल करून बघा, सीटचा फोम कडेने निमुळता करा, जाड तळव्याचे बूट घ्या. आणि शिकायचं तर आपल्याच उंचीच्या माणसाकडून. ज्याला पाय टेकायचा विचारच करावा लागला नाही, तो काय सांगणार?

गुहागरला जाताना गाड्या खाडीपार नेणाऱ्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीला घाबरू नका. ओहोटीला धक्क्याच्या उताराचा खालचा भाग ओला, निसरडा असतो, तिथे रांगेत उभं राहू नका. वर सपाटीवर थांबा, पुढची गाडी बोटीत गेली की एका दमात उतार उतरून आत शिरा. धीर होत नसेल तर खलाशाला सांगा, ‘दादा, जरा मागून धरा.’ धरतात.