स्वयंसेवक अग्निशामक आणि रुग्णवाहिका सेवकांचा ‘लोसॅप’ : या चुका टाळा

आमच्या गावच्या रुग्णवाहिका स्क्वाडच्या (स्वयंसेवकांच्या पथकाच्या) इमारतीत, गणवेश टांगायच्या खोलीबाहेर एक फळा आहे. वर्षातून एकदा त्यावर दोन पानांची यादी लागते. मागच्या वर्षात कोणत्या सभासदाला सेवेचे पूर्ण वर्ष मिळाले आणि कोणाला मिळाले नाही, एवढेच तिच्यात असते. न्यू जर्सीत स्वयंसेवक म्हणून काम करताना काही वर्षे या नोंदी ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. रात्री दोन वाजता फोन आला तरी उठून जाणारे सभासद या यादीजवळून न वाचता पुढे जाताना मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी काहींची वर्षे कायमची गेली. गेल्या काही वर्षांत आपली बरीच मराठी मंडळी, विशेषतः न्यू जर्सीतील, अशा स्क्वाडमध्ये दाखल झाली आहेत. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

अमेरिकेतील अग्निशामकांमध्ये स्वयंसेवकांचे प्रमाण मोठे आहे. २०२० च्या अंदाजानुसार देशातील सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामकांपैकी जवळजवळ ६५ टक्के बिनपगारी होते. ही परंपरा बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन केलेल्या युनियन फायर कंपनीपर्यंत मागे जाते. नवे लोक यावेत आणि आलेले टिकावेत, म्हणून अनेक राज्यांनी सेवाकालावर आधारित पुरस्काराची सोय केली. ‘लेंग्थ ऑफ सर्व्हिस अवॉर्ड प्रोग्रॅम’ या तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला सगळे ‘लोसॅप’ म्हणतात. स्वयंसेवकाने वर्षभरात ठरावीक पॉइंट मिळवले की त्याच्या नावावर एक वर्ष जमा होते. पुढे ठरलेल्या वयाला किंवा योजनेतील अटींप्रमाणे त्या वर्षांचा मोबदला मिळतो. न्यूयॉर्कमध्ये ही तरतूद जनरल म्युनिसिपल लॉच्या ११-ए आणि ११-एए या प्रकरणांत आहे, तर न्यू जर्सीत १९९७ चा स्वतंत्र कायदा आहे. दोन्हीकडे गावाचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक मंडळाच्या ठरावानंतर मतदारांचीही मंजुरी घ्यावी लागते, कारण हा पैसा करदात्यांचा असतो.

पहिली चूक : याला पेन्शन समजणे

‘मला स्क्वाडची पेन्शन आहे’ असे सभासद सहज बोलून जातात आणि त्या एका शब्दामुळे पुढचे अनेक गैरसमज होतात. नोकरीतील निवृत्ती खात्यात आपल्या पगारातून पैसे कापले जातात आणि ते पैसे आपले असतात. लोसॅपमध्ये स्वयंसेवक काहीच भरत नाही, सगळी रक्कम प्रायोजक संस्था, म्हणजे टाऊनशिप (गावाची स्थानिक संस्था) किंवा फायर डिस्ट्रिक्ट (अग्निशमन सेवेसाठीची स्थानिक संस्था) भरते. न्यू जर्सीत प्रत्येक सभासदाच्या नावाने वेगळे खाते दिसते, त्याचे विवरणपत्र घरी येते आणि त्यावर गुंतवणुकीची वाढही छापलेली असते. तरीही प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत ती रक्कम कायद्याने प्रायोजक संस्थेच्याच मालकीची असते आणि त्या संस्थेच्या सर्वसाधारण धनकोंचा तिच्यावर दावा लागू शकतो. असा प्रसंग क्वचितच येईल. पण घराच्या कर्जासाठी अर्ज करताना किंवा निवृत्तीचा हिशेब मांडताना हे विवरणपत्र बँकेच्या पासबुकासारखे धरू नये.

याच गैरसमजातून रोलओव्हरची चूक होते. रक्कम मिळण्याची वेळ आली की काही जण ती आपल्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात वळवण्याचा बेत करतात. लोसॅप त्या अर्थाने निवृत्ती योजनाच नसल्याने तसे वळवता येत नाही.

दुसरी चूक : पॉइंटचे गणित डिसेंबरपर्यंत न मांडणे

सर्वाधिक नुकसान इथेच होते, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबतो. न्यू जर्सीत पॉइंट कशाला किती द्यायचे हे प्रत्येक गावाच्या ठरावानुसार ठरते. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्याची चौकट कायद्यातच आहे, त्यामुळे उदाहरणासाठी तीच सोयीची आहे. तिथे वर्ष जमा होण्यासाठी ५० पॉइंट लागतात. ड्रिल (सराव), सभा, प्रशिक्षण, स्टँडबाय (ठाण्यावर सज्ज राहणे), पदाधिकारीपद, कॉलला (मदतीसाठी आलेल्या बोलावण्याला) हजेरी आणि किरकोळ कामे असे वेगवेगळे गट आहेत आणि बहुतेक गटांना कमाल मर्यादा आहे. ड्रिलचे २०, सभांचे २०, किरकोळ कामांचे १५, याहून अधिक पॉइंट कितीही काम केले तरी मिळत नाहीत.

कॉलचे तर वेगळेच आहे. पारंपरिक रचनेत कॉलमागे एकेक पॉइंट मिळत नाही. वर्षातील एकूण कॉलपैकी ठरावीक टक्के कॉलला हजर राहिले तर २५ पॉइंट मिळतात आणि तेवढे भरले नाहीत तर शून्य. अग्निशमन विभागाला वर्षात ५०० पर्यंत कॉल आले असतील तर १० टक्के, ५०० ते १,००० असतील तर साडेसात, १,००० ते १,५०० असतील तर पाच आणि त्याहून अधिक असतील तर अडीच टक्के हजेरी लागते. आगीचे कॉल आणि रुग्णवाहिकेचे कॉल यांची मोजणी वेगवेगळी होते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आता एका काल्पनिक सभासदाचा हिशेब पाहू. त्याच्या विभागाला वर्षात आगीचे ४२० कॉल आले, म्हणजे त्याला किमान ४२ कॉलला हजर राहायला हवे होते, आणि तो ४१ कॉलला गेला. ड्रिल त्याने ३१ केले, पण मर्यादेमुळे धरले गेले २०. बारा सभांचे १२, एका छोट्या अभ्यासक्रमाचे ५ आणि शाळेतील अग्निसुरक्षा दिनासारख्या किरकोळ कामांचे १२ मिळून एकूण झाले ४९. त्याचे वर्ष गेले. अर्धे किंवा पाऊण वर्ष असा प्रकार नाही, ४९ ला शून्यच मिळते. आणखी एका कॉलला तो गेला असता तर त्याचे ७४ पॉइंट झाले असते. अकरा जास्तीच्या ड्रिलऐवजी एका संध्याकाळी सभेला बसला असता तरीही काम झाले असते.

त्यामुळे सप्टेंबरअखेरीस आपली पॉइंटशीट मागून घ्यावी. कोणता गट भरला आहे आणि कोणता रिकामा आहे हे पाहून उरलेल्या तीन महिन्यांचा बेत करावा. स्क्वाडच्या नोंदी ज्यांच्याकडे आहेत त्यांनीही हे कागद मागण्याची वाट न पाहता तिमाहीला द्यावेत. मी ते सुरू केले तेव्हा पहिल्याच वर्षी दोन सभासदांना आपण कुठे कमी पडतो आहोत हे वेळेत कळले आणि त्यांचे वर्ष वाचले.

तिसरी चूक : सही राहून जाणे, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याची सही करणे

कॉलवरून परतल्यावर माणूस थकलेला असतो. स्ट्रेचर पुसायचा असतो, ऑक्सिजनची टाकी बदलायची असते, रुग्णाच्या नोंदी पूर्ण करायच्या असतात, आणि हजेरीच्या कागदावरील सही राहून जाते. मग महिन्याअखेरीस कोणीतरी आठवून आठवून नावे भरतो. पाच जण गेलेल्या कॉलवर सात नावे लागतात आणि प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्याचेच नाव सुटते. यात अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. तरीही असा कागद पुढे टिकत नाही.

वर्षअखेरीला जी यादी मंडळाकडे जाते ती शपथेवर प्रमाणित करावी लागते. त्यामुळे त्या नोंदीच्या खरेपणाची कायदेशीर जबाबदारी कोणा एका माणसावर येते. न्यूयॉर्क राज्याच्या कंप्ट्रोलर (सरकारी हिशेब तपासणाऱ्या) कार्यालयाने फायर डिस्ट्रिक्टच्या केलेल्या लेखापरीक्षणांत हजेरीचे पुरावे अपुरे असणे आणि पॉइंट योजनेतील नियमांना सोडून दिलेले असणे, हे दोष पुन्हा पुन्हा निघाले आहेत. मित्रावर उपकार म्हणून त्याच्या नावापुढे केलेली एक सही संपूर्ण पथकाच्या नोंदींवर संशय आणू शकते. सही त्याच रात्री, ज्याने त्याने स्वतः करावी आणि कॉलचा क्रमांक डिस्पॅचच्या (फोन घेऊन पथक पाठवणाऱ्या केंद्राच्या) नोंदीशी जुळवून घ्यावा. ड्रिलच्या कागदावर सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ दोन्ही असाव्यात, कारण न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी किमान दोन तासांचे ड्रिलच पॉइंटला पात्र ठरते.

चौथी चूक : फळ्यावरची यादी न वाचणे

स्क्वाडने शपथेवर दिलेली यादी मंडळ तपासते, मंजूर करते आणि सभासदांना पाहता यावी म्हणून ती किमान ३० दिवस लावली जाते. ज्याचे नाव नाही किंवा ज्याला वर्ष नाकारले आहे, त्याला त्या ३० दिवसांत लेखी अपील करता येते. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दोन्हीकडे ही पद्धत आहे. ही मुदत उलटल्यावर ‘मी तर सगळ्या कॉलना होतो’ हे म्हणणे कितीही खरे असले तरी ते मांडायला जागा उरत नाही.

आमच्याकडे एका ज्येष्ठ सभासदाचे एक वर्ष असेच गेले. ते हिवाळ्यात तीन महिने भारतात होते. यादी लागली आणि उतरली, ते परतले तेव्हा मुदत संपून दहा दिवस झाले होते. त्यांच्या दोन अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे फाईलला लावायची राहून गेली होती. चूक कार्यालयाची होती, पण ती दाखवून देण्याची वेळ निघून गेली होती. जानेवारी-फेब्रुवारीत आपली बरीच माणसे घरच्या लग्नकार्यांसाठी भारतात जातात. जाण्यापूर्वी यादी केव्हा लागणार हे विचारून ठेवावे आणि एखाद्या सहकाऱ्याला तिचा फोटो पाठवायला सांगावे.

वर्ष जमा झालेले दिसत नसेल तर आधी आपल्या पॉइंटशीटची प्रत आणि त्या वर्षी लागू असलेली योजनेची कागदपत्रे मागावीत. तोंडी सांगितलेले नियम अनेकदा जुन्या ठरावातील असतात. मग तफावत नेमकी कोणत्या गटात आहे ते शोधून तेवढ्याच गटाचा पुरावा जोडावा, म्हणजे प्रमाणपत्र, सभेचे इतिवृत्त किंवा डिस्पॅचची नोंद. अपील स्क्वाडच्या कॅप्टनला तोंडी सांगून भागत नाही. ते योजनेत नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे, बहुधा गावाच्या क्लार्ककडे (अधिकृत नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे), लेखी द्यावे आणि पोच घ्यावी.

पाचवी चूक : पाच वर्षे भरण्याच्या आधी गाव बदलणे, आणि कळल्यावर हळहळणे

दोन्ही राज्यांत पाच वर्षांची सेवा झाल्यावर हक्क पक्का होतो. त्याला व्हेस्टिंग म्हणतात. चार वर्षे पूर्ण करून दुसऱ्या गावी घर घेतले की सहसा आधीची वर्षे सोबत येत नाहीत, कारण तिथली योजना वेगळी, प्रायोजक वेगळा. नोकरी किंवा मुलांची शाळा यांच्यापुढे लोसॅपचा विचार कोणी करणार नाही आणि करूही नये. पण हलण्याची तारीख आपल्याच हातात असेल, तर आपले चालू वर्ष कधी पूर्ण होते हे पाहून घ्यावे. दोन महिन्यांनी पाचवे वर्ष पदरात पडत असेल तर तेवढे थांबणे शक्य असते.

सहावी चूक : करासंबंधी ऐकीव माहितीवर विसंबणे

संघीय करकायद्याच्या कलम ४५७ मध्ये अशा योजनांना १९९६ पासून वेगळे स्थान आहे. एका वर्षाच्या सेवेपोटी जमा होणाऱ्या पुरस्काराची मर्यादा तेव्हा ३,००० डॉलर होती. २०१७ च्या करसुधारणेने ती २०१८ पासून ६,००० डॉलर केली आणि पुढे महागाईनुसार ५०० डॉलरच्या पटीत वाढण्याची सोय केली. हा आकडा ऐकून ‘आता मला वर्षाला सहा हजार मिळणार’ असे समजणारे भेटतात. ती केवळ वरची मर्यादा आहे. प्रत्यक्ष किती द्यायचे ते राज्याचा कायदा आणि गावाचा ठराव यांवर अवलंबून असते. न्यू जर्सीच्या मूळ कायद्यात ते वर्षाला १०० ते १,१५० डॉलर होते आणि वरचा आकडा महागाईच्या निर्देशांकानुसार बदलतो.

मिळालेली रक्कम करमुक्त आहे असेही अनेकांना वाटते. ती मिळते तेव्हा तिच्यावर आयकर लागतो, मात्र पात्र योजनेच्या रकमेवर सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याचा) कर लागत नाही. या गोंधळाचे एक कारण कलम १३९बी आहे. त्याने स्वयंसेवकांना राज्याकडून मिळणाऱ्या काही लाभांना, सेवेच्या प्रत्येक महिन्यामागे ५० डॉलरपर्यंत, करातून सूट दिली आहे. ती तरतूद आता कायमची झाली असली, तरी तिच्या आधारे लोसॅपची पूर्ण रक्कम विवरणपत्रातून गाळणे धोक्याचे आहे. करसल्लागाराला ‘स्क्वाडकडून पैसे आले’ एवढेच न सांगता योजनेची कागदपत्रे दाखवावीत.

सातवी चूक : नामनिर्देशनाचा अर्ज दाखल झाल्याच्या दिवसानंतर कधीच न उघडणे

हा अर्ज आपण पहिल्या आठवड्यात, गणवेशाच्या मापाबरोबर भरतो. अविवाहित असताना आईचे नाव लिहिलेले असते. पुढे लग्न होते, मुले होतात, आणि अर्जावर आईच राहते. आपल्या नावांची अडचण त्याहून वेगळी आहे. मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर ते पतीचे, आडनाव कधी माहेरचे तर कधी सासरचे, आणि पासपोर्टवरचे स्पेलिंग एक तर सोशल सिक्युरिटी कार्डावरचे दुसरे. अर्जावर ‘सौ.’ लावून लिहिलेले नाव कोणत्याही ओळखपत्राशी जुळत नाही. मी अर्ज तपासले तेव्हा एका सभासदाने पत्नीचे घरात हाक मारायचे नावच लिहिलेले आढळले, कारण सासरी सगळे तिला त्याच नावाने ओळखत होते.

अर्जावर वारसदाराचे नाव पासपोर्टप्रमाणे लिहावे. जन्मतारीख आणि नाते द्यावे, दुसऱ्या क्रमांकाचा वारसदारही नमूद करावा आणि त्या वारसदाराला या योजनेचे अस्तित्व सांगून ठेवावे. पुण्यात किंवा साताऱ्यात राहणाऱ्या आईवडिलांचे नाव असेल तर त्यांचा सध्याचा पत्ता दरवर्षी, यादी पाहायला जाल त्याच दिवशी, तपासून घ्यावा. अर्जाची शिक्का मारलेली प्रत घरातील विम्याच्या कागदांबरोबर ठेवावी. स्क्वाडच्या कपाटातील प्रत पाण्याने खराब झाल्याचे मी एकदा पाहिले आहे, आणि तेव्हा त्या सभासदाच्या पत्नीकडे असलेल्या प्रतीवरूनच काम पुढे गेले.