हाताने फिरणारे फिरकी फाटक : निवड, बसवणी आणि देखभाल

कारखान्याच्या दाराशी, तिकीट खिडकीपाशी किंवा वसतिगृहाच्या प्रवेशावर एका वेळी एकच माणूस आत सोडायचा असतो, तेव्हा फिरकी फाटक बसवतात. कार्ड दाखवून उघडणारी, विजेवर चालणारी फाटके आता सहज मिळतात. तरीही सांगली-साताऱ्याकडच्या लहान कारखान्यांना आणि संस्थांना मी हाताने ढकलायचे, निव्वळ यांत्रिक फाटकच सुचवतो. वीज गेली म्हणून ते अडत नाही, आणि त्यात बिघाड झाला तर मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला कोणताही चांगला फिटर ते उघडून दुरुस्त करू शकतो.

फाटकाच्या किमतीची चौकशी करण्याआधी मात्र एक प्रश्न सोडवावा : आग लागली किंवा गोंधळ उडाला, तर आतली सगळी माणसे कुठून बाहेर पडतील? वाई तालुक्यातील मांढरदेवच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविकांचे प्राण गेले. अरुंद वाटेवर मागून रेटा वाढला की पुढच्याला थांबता येत नाही आणि पडलेल्याला उठता येत नाही, हे त्या दिवशी सातारा जिल्ह्याने पाहिले आहे. फिरकी फाटक म्हणजे जाणूनबुजून अरुंद केलेली वाट. म्हणून यात्रा, सभा, लग्नकार्य अशा गर्दीच्या ठिकाणी ते बसवूच नये, आणि इतरत्र बसवले तरी बाहेर पडण्याच्या मार्गांत त्याची गणना करू नये. शेजारी बाहेरच्या बाजूला उघडणारे, आतून किल्लीवाचून उघडता येणारे रुंद दार आधी बांधावे, मग फाटकाकडे वळावे. चाकाची खुर्ची, बाळंतीण, सायकल आणि डोक्यावर ओझे असलेला माणूस याच दाराने जाणार असल्यामुळे त्याची मोकळी रुंदी निदान ९०० मिलिमीटर असावी. एका कारखान्यात आगीच्या वेळी बाहेर पडण्याच्या सरावात या बाजूच्या दाराचे कुलूप उघडायला किल्लीच सापडेना, हे मी स्वतः पाहिले आहे. तेव्हापासून त्या दाराला कुलूप दिसले की मी पुढचे काम थांबवतो.

फाटकाचे मुख्य प्रकार दोन. कमरेइतक्या उंचीचे तीन दांड्यांचे फाटक जिथे पहारेकरी समोर बसलेला असतो तिथे पुरते. माणसाहून उंच, पिंजऱ्यासारखे फाटक जिथे रात्री कोणी नसते अशा ठिकाणी योग्य. पण ते महाग आणि जड असते, शिवाय पोते किंवा मोठी पिशवी घेतलेला माणूस त्यात अडकतो. बहुतेकांना पहिलेच लागते.

तीन दांड्यांच्या फाटकाची रचना समजून घेतली तर पुढची निम्मी दुरुस्ती सोपी होते. दांडे बसवलेला आस तिरपा असतो, त्यामुळे एक दांडा आडवा असताना उरलेले दोन खाली झुकलेले राहतात. माणसाने ढकलले की आस १२० अंश, म्हणजे एक तृतीयांश फेरा फिरतो आणि पुढचा दांडा आडवा येऊन थांबतो. त्याला नेमक्या जागी आणून बसवण्याचे काम स्प्रिंग आणि रोलर करतात. उलट दिशेने फिरू न देण्याचे काम दातेरी चक्र आणि त्यात पडणारा खटका करतो. पहारेकऱ्याच्या पायाशी किंवा हाताशी असलेली कळ हा खटका सोडते.

फाटके किती लागतील, याचा हिशेब सरळ आहे. एका माणसाला तीन सेकंद धरले तर मिनिटाला २० माणसे जातात. ३०० कामगारांच्या पाळीला एका फाटकावर १५ मिनिटे लागतील. ओळखपत्र पाहायचे असेल तर वेळ दुप्पट धरावा आणि दोन फाटके बसवावीत.

बसवणीत सर्वाधिक लक्ष पायाकडे द्यावे. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर नुसता कोबा करून खांब उभा केला तर वर्षभरात तो कलतो, दांडा आडवा येईनासा होतो आणि लोक यंत्राला दोष देतात. काळी माती काढून मुरुमापर्यंत खणावे, खांब पायाला धरून ठेवणारे फौंडेशन बोल्ट साच्याने जागेवर धरून काँक्रीट ओतावे आणि निदान सात दिवस पाणी मारावे. खांब ओळंब्यात (सरळ उभा) आणि बैठक पाणसळीत (सपाट) आहे याची खात्री केल्यावरच नट शेवटचे आवळावेत. दांड्याचे टोक आणि समोरचा कठडा यांत सुमारे ५० मिलिमीटर अंतर ठेवावे, म्हणजे हात चिरडत नाही आणि कोणी बाजूने निसटतही नाही. टोके गोल घासून घ्यावीत. धारदार टोकात साडीचा पदर किंवा ओढणी अडकते.

देखभालीत लोक एक चूक हमखास करतात : दातेरी चक्रावर जाड ग्रीस थापतात. हळदीची धूळ किंवा साखर कारखान्यातला बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा त्यात मिसळला की लगदा होतो, खटका दातात पडत नाही आणि फाटक दोन्ही बाजूंनी फिरू लागते. ग्रीस फक्त बेअरिंगला, खटक्याला पातळ तेलाचे दोन-तीन थेंब, तेही महिन्यातून एकदा जुने तेल पुसून घातलेले पुरे.

नदीकाठच्या भागात २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला, तर पाणी ओसरताच गाळ वाळण्याआधी झाकण उघडून आतला भाग स्वच्छ पाण्याने धुवावा, पूर्ण वाळू द्यावा, बेअरिंगमधले जुने ग्रीस काढून नवे भरावे आणि गंजलेली स्प्रिंग बदलावी. त्यानंतर जाण्याच्या दिशेने पन्नासेक फेरे हाताने फिरवून खटका प्रत्येक वेळी पडतो का ते ऐकावे, आणि एकही फेरा चुकला तर दुरुस्ती होईपर्यंत फाटक बंद ठेवून बाजूच्या दाराशी माणूस बसवावा.