इंग्लिशमधे आर्ग्युमेंटेटिव्ह एसे लिहायचाय? आधी मुद्दा पक्का करा

आर्ग्युमेंटेटिव्ह एसे, म्हणजे एखाद्या वादाच्या प्रश्नावर आपलं मत पुराव्यानिशी पटवून देणारा निबंध, म्हटलं की बरीच मुलं पहिल्यांदा भारी भारी शब्द गोळा करायला लागतात, व्होकॅब्युलरीच्या याद्या पाठ करतात, कुठून तरी तयार ओपनिंग लाइन्स शोधून आणतात आणि एवढं सगळं करून मार्क का कमी पडले ते काही कळत नाही. माझं ठाम मत आहे की एसे फसतो तो बहुतेक वेळा इंग्लिशमुळे नाही, मुद्द्यामुळे फसतो. तुमचं म्हणणं नक्की काय आहे आणि वाचणाऱ्याने ते का मान्य करावं, हे दोन प्रश्न तुमच्याच डोक्यात सुटलेले नसतील तर इंग्लिश कितीही झकास असलं तरी उपयोग नाही, आणि सुटलेले असतील तर अगदी साध्या इंग्लिशमधेही चांगला एसे होतो.

परीक्षकसुद्धा हेच बघतात. परदेशी शिकायला जाताना देतात त्या आयेल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेत रायटिंग टास्क टू म्हणजे एसेचा प्रश्न, त्यात चार गोष्टींना सारखं वजन असतं, प्रश्नाला नीट उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्द आणि ग्रामर, म्हणजे तुमचे ते भारी शब्द फक्त पाव हिश्श्याचे. अमेरिकेतली शाळकरी मुलं कॉलेजच्या पातळीची म्हणून देतात त्या एपी इंग्लिश लँग्वेजच्या परीक्षेत आर्ग्युमेंट एसेला ६ पॉइंट असतात, त्यातला १ थीसिसला (तुमच्या मुख्य म्हणण्याला), १ विचाराच्या खोलीला आणि तब्बल ४ पॉइंट पुरावा आणि त्या पुराव्याचं स्पष्टीकरण यांना. स्पष्टीकरण हा शब्द लक्षात ठेवा, खरी गोम तिथेच आहे.

सुरुवात प्रश्न वाचण्यापासून. घाईघाईत टॉपिक बघून लिहायला बसू नका, प्रश्न काय करायला सांगतोय ते बघा. 'टू व्हॉट एक्स्टेंट डू यू अग्री' असं असेल तर तुम्ही किती सहमत आहात हे सांगायचंय, 'डिस्कस बोथ व्ह्यूज अँड गिव्ह युअर ओपिनियन' असेल तर दोन्ही बाजू मांडून शिवाय स्वतःचं मत द्यायचंय, त्यातलं एक जरी राहिलं तरी उत्तर अर्धवट धरलं जातं. प्रश्नात 'ऑल', 'ओन्ली', 'ऑलवेज' असे शब्द असतील तर त्यांच्याखाली रेघ मारा, बऱ्याचदा सगळा वाद त्या एका शब्दावर असतो.

आता एक टॉपिक घेऊ आणि शेवटपर्यंत तोच वापरू, म्हणजे नीट कळेल. शाळेत मोबाईलवर बंदी असावी का?

थीसिस, म्हणजे तुमचं एका वाक्यातलं म्हणणं. 'मोबाईलचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत' हा थीसिस नाही, कारण याच्याशी कोणी भांडूच शकत नाही. 'मोबाईल वाईट आहे' हाही नाही, कोणासाठी, कुठे, कधी काहीच सांगितलेलं नाही. आता हे बघा: 'फोन्स शुड बी बॅन्ड ड्युरिंग लेसन्स बिकॉज दे हार्म द स्टुडंट्स हू आर ऑलरेडी स्ट्रगलिंग.' यात मत आहे, मर्यादा आहे (फक्त तास चालू असताना) आणि कारण आहे. थीसिस जमलाय का हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे समोर एक शहाणा माणूस उभा आहे आणि तो म्हणतोय 'मला नाही पटत', अशी कल्पना करा. असा माणूस डोळ्यासमोर आणताच येत नसेल तर थीसिस बदला.

थीसिस सुचत नसेल तर कागदाचे दोन भाग करा आणि आधी विरुद्ध बाजूचा भाग भरा. हो, आधी विरुद्ध. आपली बाजू आपल्याला सुचतच असते, पण समोरच्याचं सगळ्यात जोरदार म्हणणं काय हे आधी लिहिलं की आपलं मत आपोआप घासून बारीक होतं, 'बंदी घाला' वरून 'तासापुरती बंदी घाला, घरी जाताना परत द्या' इथपर्यंत येतं. हे सगळं मराठीत केलंत तरी चालेल, खरं तर मराठीतच करा, कारण विचार करताना इंग्लिश शब्द शोधत बसलात तर सोपे सोपे मुद्देच हाताला लागतात आणि चांगले मुद्दे निसटतात. मात्र प्लॅन झाल्यावर मराठी वाक्यांचं भाषांतर करू नका, मुद्दे बघून थेट इंग्लिशमधे लिहा.

आता मुख्य गोष्ट, बॉडी पॅराग्राफ, म्हणजे सुरुवात आणि शेवट यांच्या मधले मुद्द्यांचे पॅराग्राफ. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली आर्ग्युमेंट कसं उभं राहतं याची एक रचना मांडली, ती आजही कॉलेजांमधे शिकवतात. त्यात सहा भाग आहेत पण आपल्याला तीन नीट कळले तरी खूप झालं: क्लेम म्हणजे तुमचं म्हणणं, ग्राउंड्स म्हणजे पुरावा, आणि वॉरंट म्हणजे या पुराव्यावरून ते म्हणणं का सिद्ध होतं हे सांगणारा दुवा. मुलं क्लेम लिहितात, पुरावाही देतात आणि लगेच 'देअरफोर' म्हणून पुढच्या पॅराग्राफला जातात, मधला दुवा गाळतात कारण तो त्यांना स्वतःला उघड वाटत असतो. वाचणाऱ्याला तो उघड नसतो. नदीच्या दोन्ही काठांवर रस्ता बांधलाय आणि मधे पूलच नाही, तसं होतं ते.

आपल्याच टॉपिकवर बघा. बेलँड आणि मर्फी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, मोबाईलबंदीनंतर मुलांचे परीक्षेतले गुण वाढले असं त्यांना दिसलं, आणि सगळ्यात जास्त फायदा अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला, पुढे असलेल्या मुलांना फारसा फरक पडला नाही. हा झाला पुरावा. इथेच थांबलात तर वाचणारा म्हणेल बरं मग? म्हणून पुढची दोन तीन वाक्यं लिहायची: ज्या मुलाला मुळात लक्ष टिकवायला जड जातं त्याचं लक्ष फोनमुळे सगळ्यात आधी उडतं, हुशार मुलगा फोन असूनही निभावून नेतो, म्हणजे फोनची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत, मागे असलेला जास्त मोजतो, आणि मागे पडलेल्याला पुढे आणणं हे शाळेचं काम असेल तर बंदीचा निर्णय योग्य ठरतो. बघा, पुरावा एका वाक्याचा आणि स्पष्टीकरण तीन वाक्यांचं. प्रमाण साधारण असंच ठेवा.

पण थांबा, याच प्रश्नावर २०२० साली स्वीडनमधल्या शाळांचाही अभ्यास आला आणि तिथे बंदीमुळे गुणांवर काही परिणाम दिसला नाही. मग काय करायचं, लपवायचं? अजिबात नाही. लपवलंत आणि वाचणाऱ्याला ते माहीत असेल तर तुमच्या बाकीच्या पुराव्यावरचाही विश्वास जातो. उलट हा अभ्यास तुमच्याच एसेमधे आणा आणि तुमचं म्हणणं त्यानुसार थोडं खाली घ्या, 'बंदीने गुण वाढतातच' असं न म्हणता 'काही ठिकाणी, विशेषतः मागे असलेल्या मुलांचे, वाढू शकतात' असं म्हणा. इंग्लिशमधे यासाठी 'मे', 'कॅन', 'टेन्ड्स टू', 'इन मेनी केसेस' असे साधे शब्द आहेत. टूलमिन यालाच क्वालिफायर म्हणतात. बऱ्याच मुलांना वाटतं की असं लिहिलं की आपण कच्चे दिसतो, पण अनुभवी वाचक नेमकं याच्यावरून ओळखतो की लिहिणाऱ्याने खरंच विचार केलाय.

पुरावा म्हणजे दरवेळी रिसर्चच पाहिजे असं नाही. परीक्षा हॉलमधे कुठून आणणार, तिथे ओळखीचं उदाहरण, जगातली माहीत असलेली घटना किंवा नुसतं कार्यकारण नीट उलगडून सांगितलं तरी चालतं. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून लहान शाळांपासून साधारण १५ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांमधे मोबाईल वापरायला बंदी केली, हे उदाहरण म्हणून चांगलं आहे, पण त्यावरून फक्त एवढंच सिद्ध होतं की अशी बंदी देशपातळीवर आणता येते, ती फायद्याची आहे हे सिद्ध होत नाही. पुरावा जेवढं सांगतो तेवढंच त्याच्याकडून घ्या. आणि आकडे मनाने बनवू नका, 'एटी पर्सेंट ऑफ स्टुडंट्स' असं उगीच ठोकून दिलेलं वाचणाऱ्याला लगेच जाणवतं, आणि ते खोटंच आहे ना.

विरुद्ध बाजू म्हणजे काउंटरआर्ग्युमेंट. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे समोरच्याचं सगळ्यात फालतू म्हणणं निवडायचं आणि ते उडवून लावायचं. 'काही लोक म्हणतात मुलांना गेम खेळायला फोन पाहिजे', असं कोणी गंभीरपणे म्हणत नाही हो. खरं जोरदार म्हणणं आहे ते पालकांचं, की काही अडचण आली तर मुलाशी बोलणार कसं. ते घ्या, त्यातलं जे खरं आहे ते मान्य करा आणि मग उत्तर द्या: 'सम पेरेंट्स वरी दॅट दे कॅनॉट रीच देअर चाइल्ड इन अ‍ॅन इमर्जन्सी. दिस वरी इज रीझनेबल. हाऊएव्हर, द स्कूल ऑफिस कॅन पास ऑन अ मेसेज विदिन मिनिट्स, अँड द फोन इज रिटर्न्ड आफ्टर स्कूल.' तीन छोटी वाक्यं आहेत, एकही अवघड शब्द नाही, आणि काम झालं. मधलं ते 'दिस वरी इज रीझनेबल' काढून बघा, लगेच उर्मट वाटायला लागतं.

इंट्रो आणि कन्क्लुजनवर फार वेळ घालवू नका. इंट्रो म्हणजे दोन तीन वाक्यं, वाद कशाचा आहे आणि माझं म्हणणं काय. 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स', 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड' वगैरे ओळी सरळ काढून टाका, त्या कुठल्याही एसेला चिकटतात म्हणजे तुमच्या एसेबद्दल काहीच सांगत नाहीत. कन्क्लुजनमधे नवीन पुरावा आणायचा नाही, थीसिस त्याच शब्दात कॉपी करायचा नाही, एवढं पाळलं की पुरे. आणि पाच पॅराग्राफचा साचा शिकवतात तो सुरुवातीला हाताशी ठेवायला ठीक आहे पण तो काही नियम नाही, दोनच मुद्दे दमदार असतील तर तिसरा ओढून ताणून आणू नका.

आता इंग्लिशबद्दल, कारण मराठीतून येणाऱ्या काही चुका अगदी ठरलेल्या आहेत. आपण 'जरी असलं तरी' म्हणतो, म्हणून हात आपोआप 'ऑलदो' लिहून पुढे 'बट' टाकतो, इंग्लिशमधे दोन्हीतलं एकच येतं. 'बिकॉज' आणि 'सो' यांचंही तसंच. 'डिस्कस अबाउट' चुकीचं, नुसतं 'डिस्कस'. मराठीत 'अ', 'अ‍ॅन', 'द' सारखं काही नसतं म्हणून ते सारखे गळतात, लिहिताना त्यांची काळजी करत बसू नका पण शेवटी फक्त त्यांच्यासाठी एकदा वाचा. आणि वाक्यं छोटी ठेवा, एका वाक्यात एकच काम, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं तरी आपण लांब वाक्य सांभाळतो पण इंग्लिशमधे 'विच', 'दॅट', 'अँड' जोडत गेलं की कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे होतं. पॅराग्राफचं पहिलं वाक्य म्हणजे त्या पॅराग्राफचा मुद्दा, गोष्ट रंगवत शेवटी मुद्द्यावर यायची सवय इथे मोडावी लागते. कनेक्टर्स तर जरुरीपुरतेच, प्रत्येक वाक्य 'मोरओव्हर', 'फर्दरमोर'ने सुरू झालं तर विचार जोडलेले दिसत नाहीत, नुसते टाके दिसतात.

चॅटजीपीटीसारखी टूल्स वापरायची असतील तर एसे लिहून घ्यायला वापरू नका, त्याने तुमचं काहीच सुधारत नाही आणि बऱ्याच संस्थांमधे ते नियमाबाहेर आहे. त्यापेक्षा आपला थीसिस द्या आणि म्हणा 'याच्याविरुद्ध सगळ्यात जोरदार तीन मुद्दे सांग', मग त्यांची उत्तरं स्वतः लिहा. या सरावाने खूप फरक पडतो. फक्त त्याने दिलेले अभ्यास, आकडे, नावं स्वतः शोधून खात्री केल्याशिवाय वापरू नका, ही टूल्स अस्तित्वातच नसलेले संदर्भ बिनधास्त देतात.

वेळेचं गणित असं बसवा. आयेल्ट्समधे टास्क टू साठी साधारण ४० मिनिटं धरतात आणि किमान २५० शब्द लागतात. त्यातली ८ ते १० मिनिटं प्लॅनला द्या, भीती वाटली तरी द्या, कारण प्लॅन असेल तर २५ मिनिटांत २५० शब्द आरामात होतात आणि नसेल तर निम्मा वेळ पेन तोंडात धरून जातो. शेवटच्या ५ मिनिटांत तीनदा भरभर वाचा: एकदा फक्त 'अ', 'अ‍ॅन', 'द' साठी, एकदा 'ही', 'शी', 'इट' नंतरच्या क्रियापदाला 'एस' लागलाय का त्यासाठी, आणि एकदा प्रत्येक पॅराग्राफमधल्या पुराव्यावर बोट ठेवून, त्याच्यापुढे 'बरं मग?' चं उत्तर लिहिलंय का ते बघायला. नसेल तर बाकी सगळं सोडून आधी ते एक वाक्य लिहा.