रोजचं भांडण घड्याळाने मिटवलं

१० किलोमीटरच्या शर्यतीची तयारी आम्ही दोघं एकत्र करायचो आणि रोज भांडून घरी यायचो. माझ्या जोडीदाराला किलोमीटरला साडेपाच मिनिटं लागतात, मला सात. हा पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा. मी धापा टाकत पोचले की लगेच पुन्हा सुटायचा. म्हणजे विश्रांती फक्त त्यालाच!

शेवटी घड्याळ कामाला लावलं. एकत्र निघायचं, आपापल्या वेगाने पळायचं आणि २५ मिनिटं झाली की जिथे असू तिथून मागे फिरायचं. वेग टिकवला तर दोघं एकाच वेळी दारात. परतताना तो माझ्या मागे असतो. शेवटच्या वळणावर त्याच्या बुटांची टपटप ऐकू आली की माझे पाय आपोआप झपाझप पडतात.