हेलिकॉप्टरचे पार्ट तपासताना या चुका टाळा

सोलापुरात कॅमशाफ्ट-क्रँकशाफ्टच्या ग्राइंडिंगवर हात बसलेल्या पोरांची नजर पक्की असते. एव्हिएशनच्या तपासणीत जायचं असेल तर ती कामालाच येईल. पण डाग दिसला की एमरी पेपर मारायचा, ही सवय चिंचोली एमआयडीसीतच सोडून जा.

घासल्यानं डाग जातो आणि वरच्या पातळ थरात नवा दाबाचा ताण बसतो. एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये, म्हणजे एक्स-रेनं धातूतला ताण मोजण्याच्या तपासणीत, क्रोमियम ट्यूबची किरणं पोलादात जेमतेम 5-6 मायक्रॉन शिरतात. म्हणजे मशीन तुमचं घासकामच मोजतं. रीडिंग छान येतं, आणि ग्राइंडिंगच्या उष्णतेनं आलेला ओढीचा ताण खाली तसाच राहतो. भेग वाढते ती त्याच ताणावर. म्हणून एका रीडिंगवर सही करू नका. जिथं परवानगी आहे तिथं, किंवा नमुना पार्टवर, इलेक्ट्रोपॉलिशनं (द्रावणात वीज सोडून धातू विरघळवत) थर काढत खोलवर मोजा. त्यानं नवा ताण बसत नाही. शॉट पीनिंग केलेल्या (बारीक गोळ्यांचा मारा करून दाबाचा ताण बसवलेल्या) पार्टमध्ये तर सर्वाधिक दाब पृष्ठभागाच्या थोडा खालीच असतो.

मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टमध्ये (चुंबक आणि लोखंडी कणांनी भेग शोधणारी टेस्ट) पार्ट पास झाला म्हणजे ग्राइंडिंगचा बर्न नाही, असंही धरू नका. ती टेस्ट भेग दाखवते, जळलेला थर नाही. त्यासाठी नायटल एचिंग (सौम्य नायट्रिक ॲसिड लावून पाहणं) किंवा बार्कहाउझेन नॉइज (चुंबकीय सिग्नलवरून ताण आणि कडकपणातला बदल ओळखणं) लागतं. एचिंगमध्ये टेंपर झालेला, म्हणजे उष्णतेनं मऊ पडलेला, भाग काळपट दिसतो, पुन्हा कडक झालेला पांढरट. हाय-स्ट्रेंथ स्टीलमध्ये ॲसिडमुळे हायड्रोजन शिरून पार्ट ठिसूळ होऊ शकतो, तेव्हा मॅन्युअलमधलं बेकिंग (हायड्रोजन काढायला भट्टीत तापवणं) वेळेत करा.

पेनिट्रंट टेस्टच्या (भेगेत रंगीत द्रव मुरवून ती शोधण्याच्या) आधी ब्लास्टिंग, म्हणजे वाळूसारख्या कणांच्या माऱ्यानं सफाई, नको, भेगेचं तोंड बुजतं.

बारीक पिटकडे (पृष्ठभागावरच्या खड्ड्याकडे) दुर्लक्ष ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. 29 एप्रिल 2016 रोजी नॉर्वेत तुरॉयजवळ ईसी 225 हेलिकॉप्टर कोसळलं, 13 जण गेले. मुख्य गिअरबॉक्समधल्या प्लॅनेट गिअरच्या बेअरिंग रेसवरच्या (रोलर फिरतात त्या वाटेवरच्या) सूक्ष्म पिटपासून फटीग भेग (वारंवार ताण पडून येणारी) निघाली आणि पृष्ठभागाखालून वाढत गेली. धातूचे कण फार सुटले नाहीत, त्यामुळे देखरेख यंत्रणेला काहीच कळलं नाही.

पिट घासून काढायला मॅन्युअलची परवानगी असेल, तर आधी आणि नंतर खोली मोजून नोंदवा. पीनिंगचा थर गेला असेल तर पुन्हा पीनिंग करा, तीव्रता आल्मेन स्ट्रिपवर (माऱ्यानं किती वाकते ते मोजायची पोलादी पट्टी) तपासा. मर्यादेबाहेर गेलेल्या पार्टवर नुसता लाल टॅग लावून तो रॅकवर ठेवू नका. रिजेक्टची कागदपत्रं पूर्ण झाली की तो कापून टाका, म्हणजे पुन्हा कुठल्या हेलिकॉप्टरवर चढणार नाही.