एमए सायकॉलॉजीला नवीन असाल तर आधी एकच आजार नीट शिका

ॲडमिशन झालं की ज्युनिअर्स विचारायला लागतात, मानसिक विकारांचा पेपर कसा करायचा, एवढी लक्षणं लक्षात कशी ठेवायची. मी सगळ्यांना सांगते की यादी पाठ करत बसू नका. एक आजार घ्या आणि त्याच्या मुळापर्यंत जा. माझं मत विचाराल तर ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नकोसे विचार परत परत येणं आणि त्यापायी हात धुणं, गॅस तपासणं अशा कृती परत परत करणं) घ्या, कारण व्याख्या, कारणं आणि उपचार हे पुस्तकात वेगवेगळे युनिट असले तरी ओसीडीत ते एकमेकांत कसे गुंतलेत ते लगेच दिसतं.

आधी व्याख्या. आपल्याकडे सोवळंओवळं पाळणारी घरं कमी नाहीत, बाहेरून आलं की आधी हातपाय धुवा हे तर सगळीकडेच, मग आजार कुठून म्हणायचा? डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये, यासाठी साधारण दिवसाला तासाभराहून जास्त वेळ जाणं, किंवा खूप त्रास होणं, कामात-नात्यात अडथळा येणं असा निकष दिलाय. म्हणून हिस्ट्री घेताना नुसतं 'हात किती वेळा धुता' विचारून भागत नाही, 'नाही धुतले तर काय होतं' आणि 'यापायी कामाला उशीर होतो का' हेही विचारा, खरी माहिती तिथे मिळते. आणि आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा जरूर वाचा. समाजाच्या रूढी किंवा धार्मिक समजुती कुणी पाळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय, मला तो कायद्यातला फार मोलाचा भाग वाटतो.

मग कारणं. नकोसे विचित्र विचार सगळ्यांच्याच मनात येतात, पण ओसीडीत त्या विचाराचा अर्थ फार भयंकर लावला जातो, भीती वाढते, माणूस हात धुतो, बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच पुढच्या वेळी परत धुवावंसं वाटतं. आनुवंशिकता आणि मेंदूतली सर्किट्स यांचाही वाटा आहेच. फक्त आजार सुरू कशामुळे झाला आणि टिकून कशामुळे राहिलाय हे दोन प्रश्न वेगळे ठेवा, परीक्षेतही आणि पेशंटसमोरही, कारण बोलण्यातून होणारा उपचार बराचसा दुसऱ्या प्रश्नावर चालतो.

तो उपचार म्हणजे ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन), म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये याची सुरुवातीची मांडणी केली. इंटर्नशिपला सिनिअर मॅडमच्या शेजारी बसून मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थेरपी म्हणजे समजूत घालणं ही माझ्या डोक्यातली कल्पना पार बदलली. पेशंट बाईंनी ओपीडीच्या दाराची कडी धरली, तोच हात स्वतःच्या ओढणीला पुसला आणि खुर्चीत बसल्या, हात धुवायचे नाहीत. मॅडम अधूनमधून फक्त विचारायच्या, शून्य ते शंभरात भीती आता किती? आकडा आधी चढला, बराच वेळ तिथेच राहिला, मग न धुताच हळूहळू उतरायला लागला, आणि तो उतरताना बाईंच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं ते कुठल्याही लेक्चरने आलं नसतं. अर्थात हे एकदम होत नाही, सोप्या गोष्टीपासून चढत्या क्रमाने आणि पेशंटच्या संमतीनेच करतात. घरच्यांनाही सोबत घ्यावं लागतं, कारण 'अगं गॅस बंद आहे' असं दहादा सांगणारी आई मायेनेच सांगते पण त्याने ते चक्र चालूच राहतं. औषधांत एसएसआरआय (मेंदूतल्या सिरोटोनिनवर काम करणारी, डिप्रेशनलाही देतात ती औषधं) देतात, बरेचदा डिप्रेशनपेक्षा जास्त डोस लागतो आणि परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे जातात. ती लिहिणं सायकायट्रिस्टचं काम, आपलं नाही, पण पेशंट दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या सोडतोय का हे आपल्या लक्षात यायला हवं.

करिअरचं थोडक्यात. नुसत्या एमएवर स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही, त्यासाठी आरसीआय (रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडिया) मान्यतेचा कोर्स आणि रजिस्ट्रेशन लागतं, आणि कोर्सचे नियम बदलत असतात म्हणून फी भरायच्या आधी आरसीआयच्या वेबसाइटवर त्या संस्थेचं नाव आहे का बघा. इंटर्नशिप घेताना केस डिस्कशन होतं का, सुपरव्हायझर कोण, प्रत्यक्ष बसून बघायला मिळणार का हे सरळ विचारा. पैसे भरा आणि सर्टिफिकेट घ्या वाल्या ऑनलाइन इंटर्नशिपच्या नादी लागू नका, त्यापेक्षा सरकारी हॉस्पिटलच्या सायकायट्री ओपीडीत परवानगी काढून बसता आलं तर कितीतरी जास्त शिकाल.